अँजेलिना मायची घंटा

फर्डिनंडच्या गळ्यात दोन घंटा होत्या आणि दोन्हींचा त्याला भारी तोरा होता. एक देवळाची, म्हणजे गावातल्या चर्चची, मनोऱ्यातली, त्याच्या पणज्याच्याही आधीची. दुसरी शाळेची. तिला घंटा म्हणायचं ते आपलं कौतुकानं. देवळाच्या आवारातच असलेल्या शाळेपुढं एक चिंच होती, तिला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा होता तो. देवळाची वाजली की पार खाडीकाठच्या खाजणापर्यंत ऐकू जायची आणि शाळेची वाजली की जेमतेम मागच्या विहिरीपर्यंत. देवळाचा घंटावाला तोच आणि शाळेचा शिपाईही तोच. पानभाट गाव तो मोठा केवढा, की दोन कामांना दोन माणसं ठेवावीत?

पानभाटात मरणाची घंटा ओळखायला कुणाला शिकवावं लागत नसे. तीन-तीन ठोके पडले की पुरुष गेला, दोन-दोन पडले की बाई गेली. ती ऐकली की हातातलं काम टाकायचं, देवळाच्या फाटकाशी यायचं, कोण गेलं ते विचारायचं, गेलेल्यासाठी एकदा ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ म्हणायचं आणि मग ज्यानं त्यानं आपल्या वाटेला लागायचं. यात ख्रिस्ती आणि हिंदू असा भेद नव्हता. मिठागरावरचा श्रीपत तर सगळ्यांच्या आधी यायचा आणि टोपी काढून शेवटपर्यंत उभा राहायचा.

फर्डिनंडच्या बापानं, मार्सेलनं, त्याच्या हाती दोर दिला तेव्हा एकच गोष्ट बजावली होती. “माणूस खोटं बोललं तर एखाददुसरा फसतो. घंटा खोटं बोलली तर गाव फसतं. तिला कधी खोटं बोलायला लावू नको.” फर्डिनंड बावीस वर्षं त्या शब्दाला जागला. तेविसाव्या वर्षी काय झालं, तेच तर सांगायचंय.

ते साल अठ्ठ्याहत्तर. गावातली शाळा सातवीपर्यंत होती. पुढं शिकायचं तर दोन कोस चालून जावं लागे, निम्मी वाट खाडीच्या कडेनं, ओसाड. मुलगे जात. मुलींची दप्तरं सातवीनंतर माळ्यावर जात. मुख्याध्यापिका सिस्टर सेलिन दोन वर्षं ठाण्याला शिक्षण खात्यात खेटे घालत होत्या आणि शेवटी त्या जूनमध्ये आठवीचा वर्ग सुरू करायला तोंडी परवानगी मिळाली. पण अट होती. साहेब तपासणीला येतील, त्या दिवशी वर्गात निदान तीस डोकी दिसली पाहिजेत. दिसली तर वर्ग कायम, नाही तर बंद. पटावर चौतीस नावं होती आणि त्यांत एक नाव होतं विनीचं, फर्डिनंडच्या धाकट्या मुलीचं.

थोरली लिली दोन वर्षांपूर्वी सातवीत पहिली आली होती. तिला पुढं पाठवायचं की नाही, यावर फर्डिनंड आठ दिवस घुटमळला. वाट लांब, पोर वयात आलेली, लोक काय म्हणतील. शेवटी तो नाही म्हणाला. लिलीनं दप्तर स्वतःच्या हातानं पुसलं, माळ्यावर ठेवलं आणि दुसऱ्या दिवसापासून आईबरोबर मोगऱ्याच्या कळ्या खुडायला जाऊ लागली. एक शब्द बोलली नाही. रडली असती, भांडली असती, तर बापाला बरं वाटलं असतं. दोन वर्षं ते न बोलणं त्याच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकलं होतं. विनीचं तसं होऊ द्यायचं नाही, एवढं त्यानं मनाशी पक्कं केलं होतं.

तपासणीचं पत्र आलं, त्यात वार होता गुरुवार. सिस्टरनी भिंती सारवून घेतल्या, नकाशे टांगले, पोरांना नखं कापायला लावली. आगेराच्या रविवारी नव्या भाताच्या लोंब्या देवळात आशीर्वादाला नेऊन आठवडा झाला होता आणि शेतांत भात पिवळंधमक होऊन उभं होतं. सोमवारी संध्याकाळी कळंबच्या बाजूनं आभाळ दाटून आलं. पिकल्या भातावर पाऊस म्हणजे वर्षाची माती. मंगळवारी उजाडायच्या आत सगळं गाव खाजणाच्या शेतांवर गेलं, म्हातारे सोडून सगळे, पोरंसुद्धा. गुरुवारी शाळा आहेच की, असं म्हणून सिस्टरनीही कानाडोळा केला.

आणि मंगळवारी साडेदहाला साहेब हजर!

वाटेतली दुसरी एक शाळा बंद निघाली, म्हणून ते दोन दिवस आधीच इकडे वळले होते. बगलेत छत्री, हातात कातडी पिशवी. माणूस वाईट नव्हता, पण नियमाचा पक्का. आठवीच्या दारात उभं राहून त्यांनी बोटानं डोकी मोजली. नऊ. सिस्टरनी खरं काय ते सांगितलं, की पोरं भात कापायला गेलीत, गुरुवारी या, चौतीस दाखवते. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. भाताचं त्यांना पटलं, ते स्वतः शेतकऱ्याच्या घरचे होते. पण गुरुवारी त्यांना वाडा तालुक्यात जायचं होतं आणि आज जे दिसेल तेच कागदावर चढणार होतं. फार तर चहा घेईपर्यंत थांबतो, म्हणाले. साडेअकराला त्यांना विरारची एस. टी. धरायची होती.

फर्डिनंडच्या तोंडचं पाणी पळालं. चहा ठेवायला म्हणून तो मागे गेला आणि आधण ठेवून तसाच उभा राहिला. शेतं तीन बाजूंना पांगलेली. धावत निरोप द्यायचा म्हटला तरी एकेका बाजूला अर्धा तास. चिंचेवरचं लोखंड बडवून तर विहिरीवरची बाईसुद्धा मान वर करणार नाही. उरली देवळाची घंटा. पण ती कशी वाजवायची? मिसाची, म्हणजे देवळातल्या उपासनेची वाजवली, तर मंगळवारी या वेळी कसलं मिसा म्हणून कुणी कोयता खाली ठेवायचं नाही. आगीची वाजवली, तर जो तो आपापल्या घराकडे पळेल. सगळं गाव, पोराबाळांसकट, झाडून देवळाशी आणणारी घंटा एकच होती.

फादर थॉमस कळंबला एका आजाऱ्याला भेटायला गेले होते. मनोऱ्याची किल्ली फर्डिनंडच्या करगोट्याला होती. सिस्टरना विचारावं असं त्याच्या मनात आलं, पण विचारलं तर त्या नाहीच म्हणणार आणि न विचारलं तर पाप एकट्याचं. चूल तशीच पेटती टाकून तो मनोऱ्याकडे धावला. दोर हातात घेतला तेव्हा बापाचे शब्द कानात घणघणले. ‘बाबा, आजचा दिवस बहिरा हो,’ असं तो म्हणाला, मोठ्यानं, आणि दोर ओढला.

पुरुषाची वाजवावी की बाईची, एवढाही विचार त्यानं केला नव्हता. डोळ्यांसमोर लिली होती, माळ्यावर दप्तर ठेवणारी. हात आपोआप दोन-दोनवर पडले.

आता झालं काय, की पानभाटात त्या दिवसांत मरायला टेकलेली बाई एकच होती. अँजेलिना माय. नव्वदीला पोचलेली, तीन महिने अंथरुणाला खिळलेली. ऑगस्टात फादरांनी तिला मरणाऱ्याला लावायचं शेवटचं तेलसुद्धा लावलं होतं. दोन-दोन ऐकताच सगळ्या शेतांतून एकच बोलणं उठलं, की सुटली बिचारी. लोक कोयते हातात घेऊन बांधाबांधानं देवळाकडे निघाले आणि पोरं त्यांच्या पुढं.

पोरं फाटकाशी आली तशी फर्डिनंडनं एकेकाला दंडाला धरून वर्गाकडे पिटाळलं. आधी वर्गात, प्रार्थना मग. गुडघ्यापर्यंत चिखल, केसांत तूस, काहींच्या कमरेला विळे. सिस्टर सेलिन ओसरीवर आल्या होत्या. त्यांनी कपाळाला, छातीला, खांद्यांना हात लावून क्रुसाची खूण केली आणि कोण गेलं म्हणून फर्डिनंडकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली. बाई हुशार. क्षणात सगळं समजल्या, चेहरा लालबुंद झाला, पण त्या सरळ वर्गात गेल्या.

फर्डिनंड खिडकीशी जाऊन उभा राहिला आणि मोजू लागला. सत्तावीस. अठ्ठावीस. श्रीपतचा मुलगा आला, एकोणतीस. पुढं कुणी येईना. पाच पोरं तापानं अंथरुणात नाहीतर मामाच्या गावी होती, हे त्याला आता आठवलं. देवा, एवढं पाप केलं ते एका डोक्यासाठी वाया जाणार की काय! साहेब पेन उघडून पहिल्या बाकापासून मोजायला लागले होते.

तेवढ्यात लिली आली. कापलेल्या पेंढ्या टाकून ती विनीच्या मागून धावत आली होती. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. घाबरलेली, धापा टाकत, ती बहिणीला शोधत वर्गात शिरली आणि शेवटच्या बाकावर विनीशेजारी टेकली, दम खायला. साहेबांचं बोट त्या बाकापर्यंत पोचलं. अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. लिलीनं उठायला म्हणून बाकावर हात टेकले, इकडेतिकडे पाहिलं आणि परत बसली.

फर्डिनंडला हसावं की रडावं कळेना. पण त्याला दोन्हीला वेळ मिळाला नाही, कारण फाटकाकडून रडण्याचा आवाज आला.

ती पॉलिन होती, अँजेलिना मायची सून. सकाळी सासूला पेज पाजून ती भात कापायला गेली होती आणि घंटा ऐकून थेट फाटकाशी आली होती. घरी जायचा तिला धीरच होत नव्हता. शेवटच्या वेळी तोंडात पाणी घालायला मी नव्हते, तीन महिने केलं आणि आजच नव्हते, असं म्हणत ती जमिनीवर बसून कपाळ बडवत होती. बायका तिला सावरत होत्या. करायला गेला एक आणि होऊन बसलं भलतंच. पॉलिननं त्याचं कधी काही वाकडं केलं नव्हतं.

तो फाटकाशी गेला. बोलायला तोंड उघडलं, पण त्याच्या आधी गर्दीच्या मागून एक चिरका आवाज आला.

“कोन गेली रे, फर्डी?”

लोक बाजूला झाले. अँजेलिना माय उभी होती. एका हातात काठी, दुसरा हात भिंतीला, अंगावर लाल लुगडं कसंबसं गुंडाळलेलं. तीन महिन्यांत जी कुशीवर वळली नव्हती, ती बाईची घंटा ऐकून उठली होती आणि आपल्या आधी कोणी नंबर लावला ते बघायला चालत आली होती. पॉलिन रडायची थांबली, तिनं सासूकडे पाहिलं आणि मग दुप्पट जोरानं रडायला लागली.

फर्डिनंडनं टोपी काढली. “कोनीच गेलं नाय, माय. मी खोटी वाजवली.”

मग त्यानं सगळं सांगितलं. साहेब, तीस डोकी, आठवी, विनी, लिली. मध्ये काही लपवलं नाही आणि स्वतःची बाजूही सावरली नाही. लोक ऐकत होते आणि त्यांचे चेहरे कठीण होत होते. क्लेमेंट म्हणून एक तापट शेतकरी होता, त्याचं अर्धं भात उघड्यावर पडलं होतं. तो तर पुढंच सरसावला. उद्या खरोखर कुणी गेलं तर या घंटेवर विश्वास ठेवायचा कसा, असं त्यानं विचारलं, आणि ते काही चुकीचं नव्हतं.

तोच वर्गाचं दार उघडलं आणि साहेब बाहेर आले. समोर शे-दीडशे माणसं, चिखलानं माखलेली, हातांत कोयते. साहेब दचकले. हे सगळे कोण, असं त्यांनी विचारलं.

फर्डिनंडनं डोळे मिटले. आता कुणीही एक शब्द बोललं असतं की संपलं होतं.

“पालक, साहेब,” श्रीपत म्हणाला.

कुणी हसलं नाही. क्लेमेंटनं कोयता पाठीमागे नेला आणि मान डोलावली. साहेबांनी सगळ्यांना नमस्कार केला. मुलं घंटा ऐकून शेतातून धावत वर्गात येतात, आणि मागून त्यांचे पालक येतात, हे त्यांनी वीस वर्षांच्या नोकरीत पाहिलं नव्हतं. शेरेबुकात त्यांनी तसं लिहिलं होतं आणि खाली ‘शिस्त अनुकरणीय, इयत्ता आठवीस मान्यता द्यावी’ असं जोडलं होतं. सिस्टर सेलिन खाली बघत उभ्या होत्या. जाता जाता साहेबांनी घंटा कोण वाजवतं म्हणून विचारलं आणि फर्डिनंडची पाठ थोपटली. चोराची पाठ थोपटल्यावर चोराला काय वाटत असेल, ते फर्डिनंडला त्या दिवशी कळलं. चहा मात्र साहेबांना मिळालाच नाही. आधण आटून भांडं करपलं होतं.

साहेब वळणाआड गेले आणि सगळे अँजेलिना मायकडे पाहू लागले. अपमान तिचा झाला होता, निवाडा तिनंच करायचा.

माय पायरीवर बसली होती. उघड्या दारातून तिला वर्ग दिसत होता आणि ती बराच वेळ तिकडेच बघत होती. मग तिनं विचारलं, त्या आत बसल्यात त्या पोरी किती. सिस्टर म्हणाल्या, पटावर तेरा. मायनं बोटांवर मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

“बस झालं त्याला टोचून बोलनं,” ती म्हणाली. “दोन-दोन वाजली आनि मरायला टेकलेली मी एकटीच. म्हंजे माझीच वाजवली त्यानं. गाव आलं, सून रडली, मी माझ्या कानानं ऐकलं. असं कोनाच्या नशिबी असतं? पन फर्डी, एका मानसाला घंटा एकदाच. मी खरीच जाईन तवा ही वाजवू नको. पोरांची ती लोखंडाची हाय ना, ती वाजव.”

मग तिनं सुनेला हाक मारली, भूक लागली म्हणाली, आणि सगळे हसले. लोक शेतांकडे परतले. पाऊस काही त्या दिवशी आलाच नाही.

संध्याकाळी फर्डिनंड आपल्या पायांनी फादर थॉमसकडे गेला आणि पाप सांगून मोकळा झाला. फादरांनी मनोऱ्याची किल्ली महिनाभर काढून घेतली. प्रायश्चित्त म्हणून त्याला माळेच्या प्रार्थना दिल्या नाहीत, पॉलिनचं उरलेलं भात कापून द्यायला सांगितलं. साडेतीन दिवसांचं काम होतं ते. कंबरेचा काटा ढिला झाला, पण मन हलकं झालं.

पण त्याच्याआधी बुधवारची सकाळ उजाडायची होती. फर्डिनंड शाळेत जायला निघाला तर दारात विनी उभी आणि तिच्यामागे लिली. लिलीच्या खांद्याला माळ्यावरचं दप्तर होतं, धुळीचा पट्टा अजून त्यावर होता.

“बाबा, काल साहेबांनी तीस मोजली ना?” ती म्हणाली. “मग आज एकोणतीस कशी चालतील?”

दोन वर्षांनी पोर बापाशी सरळ बोलली होती. त्यानं तिचं दप्तर उतरवून घेतलं, धोतराच्या सोग्यानं पुसलं, परत तिच्या खांद्याला अडकवलं आणि पुढं चालू लागला. सिस्टर सेलिननी काहीही न विचारता पटावर पस्तिसावं नाव घातलं. कालच्या खोट्या तिसाव्या डोक्याचा हिशेब सारखा करायला त्याही टपल्याच होत्या म्हणा.

अँजेलिना मायनं मात्र कमाल केली. त्या दिवशी उठली ती परत आडवी झालीच नाही. नाताळात तिनं फराळाला वाफोळे केले, बाळ येशूच्या गव्हाणीपाशी बसून पोरांना रागावली. गेली ती जानेवारीच्या शेवटी, एका सोमवारी, सकाळी जेवण करून खाटेवर टेकल्या टेकल्या. पॉलिन जवळ होती आणि पाणी तिच्याच हातचं होतं.

फर्डिनंडला निरोप आला तेव्हा शाळेत तिसरा तास चालू होता. मनोऱ्याची किल्ली परत त्याच्याकडे आली होती. तो फादरांकडे गेला. देवळाचा रिवाज तो रिवाज. पण मेलेल्या माणसाचा शब्दही मोडता येत नाही, तेव्हा माय जे सांगून गेली तेच कर, असं ते म्हणाले.

फर्डिनंड चिंचेखाली आला. हातोडी उचलली आणि रुळावर दोन ठोके दिले. थांबला. परत दोन. तो बारीक आवाज विहिरीपर्यंत गेला आणि तिथं संपला. शेतांत, मिठागरावर, मोगऱ्याच्या वाड्यांत कुणालाही काही कळलं नाही. तो वाजवत राहिला आणि त्याला एकाएकी भडभडून आलं, की एवढ्या मोठ्या बाईचं मरण गावाला ऐकूसुद्धा जाणार नाही.

पण आठवीच्या वर्गाला ते ऐकू गेलं होतं. आतला पाढ्यांचा आवाज थांबला. दार उघडलं आणि पोरं बाहेर आली, पस्तीसच्या पस्तीस. दोन-दोनचा अर्थ त्यांना सांगावा लागला नाही आणि घंटा कुणाची तेही. सिस्टर सेलिन दारात उभ्या राहिल्या आणि त्यांनी मानेनंच ‘जा’ म्हटलं.

पोरं निघाली. कुणी खाजणाकडे, कुणी मिठागराकडे, विनी विहिरीवरून वाड्यांकडे. सगळ्यांत लांबचं शेत क्लेमेंटचं, तिकडे लिली गेली, कारण वर्गात सगळ्यांत मोठी तीच होती. थोड्या वेळानं तिन्ही बाजूंच्या बांधांवरून माणसं येताना दिसायला लागली. फर्डिनंडनं हातोडी खाली ठेवली, टोपी काढली आणि फाटक उघडायला गेला.